वाहत्या पाण्याची जागा

“श्रीरंगराव, तुमच्या ह्या वाळवंटात वाहतं पाणी कुठं सापडेल का हो?”

तात्या गाडेकरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या मुलाच्या स्वयंपाकघरात उभा राहून शेंगदाण्याचा लाडू तोंडात कोंबत होतो. शनिवारची सकाळ होती. जयवंत आणि त्याची बायको आठवड्याचं सामान आणायला बाहेर पडली होती. “तासभर तात्यांशी गप्पा मार रे, एकटे कंटाळतात” असं म्हणून जयवंतने मला बोलावून घेतलं होतं. मी आणि जयवंत फिनिक्समध्ये एकाच कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. वीस वर्षं होऊन गेली त्या गोष्टीला.

“वाहतं पाणी ना? आहे की नळाला, चोवीस तास,” मी म्हणालो.

तात्या हसले. माझ्या फालतू विनोदांना हसणारा तो एकमेव माणूस होता. मग ते उठून आपल्या खोलीत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. लाकडी करंडा होता, कुंकवाचा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी झाकण उघडलं तर आत कुंकू नव्हतं. राख होती.

“जयवंतची आई,” ते म्हणाले.

मी लाडू खाली ठेवला.

“बाकी सगळी रक्षा प्रवरासंगमला सोडली, रीतसर, जयवंतच्याच हातानं. सावडायच्या दिवशी एवढी बाजूला काढून ठेवली होती मी. तिचं तिकीट काढलेलं होतं ना इकडचं. व्हिसासाठी मुंबईला गेलो तेव्हा तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला, बासष्टाव्या वर्षी. निघायला सात आठवडे होते अन् गेली. मग म्हटलं, एवढीशी का होईना, घेऊन जाऊ.”

“जयवंतला माहीत आहे?”

“छे. आईचं नाव निघालं की अजून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. अन् तो म्हणेल, एकदा सोडली तिला, आता परत कशाला. बरोबरच आहे त्याचं. हा आपला माझा वेडेपणा.”

तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पस्तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या कालव्यांवर काढलेली. गावापासून सहा कोसांवर, चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, कडेला खात्याची दोन खोल्यांची क्वार्टर, तिथेच संसार. धरणातून कालव्याला पाणी सुटायचं, त्याला आवर्तन म्हणतात. एक आवर्तन संपलं की दुसऱ्याची तयारी, त्यामुळे तात्यांना कधी रजा म्हणून नाही. जयवंतच्या आईही तिथेच राहिल्या. माहेर नाही, जत्रा नाही, कुणाचं लग्न नाही.

“एकदा मला म्हणाली,” तात्या करंडा बंद करत म्हणाले, “सगळ्या तालुक्याचं पाणी हलवलंत, मला मात्र जागची हलू दिली नाहीत. हसत म्हणाली, पण म्हणाली. तवापासून डोक्यात बसलंय माझ्या. म्हणून म्हणतो, साचलेल्या पाण्यात नको. तळं नको, हौद नको. वाहतं पाहिजे. जाऊ दे तिला पुढं पुढं.”

मंडळाच्या सहलीची जागा तुम्हीच शोधताय ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आमच्या मराठी मंडळाचा त्या वर्षीचा सहलप्रमुख मीच होतो.

“मग अशी बघा की शेजारून नदी जाईल. मी कोपऱ्यात उरकून घेईन. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“तात्या, शब्द दिला,” मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, एवढं मला माझ्या बाजूने सांगू द्या. त्यापुढे तसं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

मी खरंच नदी शोधली. शहरापासून सव्वा तासावर, डोंगर उतरून गेलं की एक नदी होती. गुडघ्याएवढं पाणी, पण काय त्याची ओढ. थंडगार. काठाला गोटे आणि पिंपळासारख्या पानांची उंच झाडं. मी चप्पल काढून पाण्यात उभा राहिलो तर पायाखालची वाळू सरकत होती. तात्यांना हवी होती तशी, अगदी तशीच जागा. मी फोटो काढले, नकाशावर खूण केली आणि परत निघालो.

परतताना एका पेट्रोल पंपावर थांबलो आणि तिथे भिंतीवर लावलेलं ते चित्र मला दिसलं.

नाव सांगत नाही त्या जागेचं. सांगितलं की लोक फोटो पाठवतात. वाळवंटातली घळई, तिच्या दोन्ही अंगांना तांबडेलाल कडे सरळसोट उभे, आणि मधून हिरवंनिळं पाणी, वळणावळणांनी आत गेलेलं. त्यात पांढऱ्या बोटी. मी पुढच्या रविवारी शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन तिथे गेलो. बोट चालवून पाहिली. बोट चालवायला कुणी माणूस देत नाहीत तिथे, आपणच चालवायची. साताऱ्याच्या एस्टी स्टँडावर वाढलेला मी, सुकाणू हातात आल्यावर मला काय झालं विचारू नका. घरी येईपर्यंत मी गाडी नव्हे, बोटच चालवत होतो.

“पण ते धरणाचं पाणी आहे,” शुभदा म्हणाली. तिला तात्यांची गोष्ट मी सांगितली होती. “तात्यांना नदी हवीय.”

“नदीच आहे ती. अडवलेली नदी.”

“तेच म्हणतेय मी.”

“बघू गं,” मी म्हणालो.

मंडळाची बैठक पुढच्या शनिवारी झाली. आता खरं सांगतो, कारण आता लपवून करायचंय काय. आदल्या वर्षीची सहल प्रफुल्ल सोमण नावाच्या गृहस्थाने ठरवली होती. सफरचंदाच्या बागा, हुरडा म्हणून भाजलेली मक्याची कणसं, वगैरे. वर्षभर जो भेटेल तो मला म्हणायचा, प्रफुल्लने काय सहल केली रे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. बैठकीत प्रफुल्ल समोरच बसला होता, हाताची घडी घालून. माझ्या फायलीत दोन कागद होते, एक नदीचा आणि एक त्या जलाशयाचा. फोटो मी टीव्हीला जोडून ठेवले होते. पहिला फोटो लावला तो लाल कड्यांचा. खोलीत एकदम “अरे वा” झालं. दुसरा लावला. बायका पुढे सरकल्या. तिसऱ्याला एक जण म्हणाला, “श्रीरंग, पुढच्या वर्षी अध्यक्ष तूच रे बाबा.” प्रफुल्लने घडी सोडली आणि त्यालाही “छान आहे” म्हणावंच लागलं.

नदीचा कागद मी फायलीतून काढलाच नाही. काढायचं विसरलो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. माझं बोट त्या कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. जयवंत अंघोळीला गेल्याची वेळ साधून केलेला.

“ठरली म्हणं जागा.”

“ठरली तात्या. बघतच राहाल.”

“वाहतं आहे ना पाणी?”

“नदीच आहे ती.”

“नाव काय नदीचं?”

मी नाव सांगितलं. नदीला नाव होतंच.

“बारमाही आहे?”

“बारमाही.”

“बरं झालं बाबा,” ते म्हणाले. “मी त्या दिवशी उपास धरीन. जयवंतला सांगतो, पोट ठीक नाही म्हणून. तुमचे लई उपकार झाले श्रीरंगराव.”

फोन ठेवला तेव्हा शुभदा माझ्याकडे बघत होती. “तू त्यांना खोटं सांगितलंस.”

“अगं, त्यांना काय कळतंय? पाणी ते पाणी. त्यांच्या मनाचं समाधान झाल्याशी मतलब.”

पस्तीस वर्षं ज्याने पाण्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, त्या माणसाबद्दल मी म्हणालो, त्यांना काय कळतंय. हे वाक्य आजही मला भर दुपारी, गाडी चालवताना वगैरे आठवतं आणि मी मोठ्याने काहीतरी बरळतो, ते झाकायला.

सहल ऑक्टोबरात झाली. पंचेचाळीस माणसं. काठावर शेड होती, कोळशाच्या शेगड्या होत्या. जयवंतकडे भरताची वांगी भाजायचं काम होतं आणि तो एप्रन बांधून मोठ्या उत्साहात होता. लोक कड्यांकडे बघून खुळावले होते. जो तो येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होता. प्रफुल्लची बायकोसुद्धा म्हणाली, “श्रीरंग, डोळ्यांचं पारणं फिटलं.” मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो आणि तिथून मला सगळं छान दिसत होतं.

तात्या पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट आणि टोपी अशा वेशात पाण्याच्या कडेला उभे होते. ते कड्यांकडे बघत नव्हते. खाली पाण्याकडे बघत होते. एक काटकी त्यांनी पाण्यात टाकली होती. ती काटकी जिथे पडली होती तिथेच होती.

“चला तात्या, तुम्हाला आतमध्ये फिरवून आणतो,” मी घाईघाईने म्हणालो. “इथे काठाला काय, सगळंच संथ असतं. आत ओढ आहे.”

“आत आहे?”

“आहे ना.”

जयवंतने शेगडीवरून हात केला. “तात्या, लाइफ जॅकेट घाला. श्रीरंग, सांभाळून ने रे.”

लहान बोट होती. मी, तात्या आणि शुभदा. शुभदा येते म्हणाली तेव्हा मला ते नको होतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. तात्या पुढे बसले, टोपीवरून वारा जात होता म्हणून एका हाताने टोपी धरून. दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता. त्या खिशात करंडा होता.

दहा मिनिटांनी घळई अरुंद झाली, कडे जवळ आले, आणि तात्यांनी मान वर केली. कड्यांच्या पायथ्याशी, पाण्याच्या वर एक पांढुरका पट्टा होता, दोन्ही बाजूंना सारखा, फुटपट्टीने आखावा तसा.

“पंचवीस फूट उतरलंय,” तात्या म्हणाले.

“काय?”

“पाणी. तो पट्टा हाये ना, तिथवर भरलेलं होतं. क्षाराचा डाग तो. आमच्याकडंही पडतो. दोनतीन वर्षं पाऊस कमी दिसतोय.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “भिंत कुठंशी आली?”

“कसली भिंत?” मी म्हणालो.

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेला मी नजर दिली नाही.

“नाही, असंच विचारलं,” तात्या म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. इंजिन बंद करून, तात्या, चुकलो, उद्या सकाळी सव्वा तासावर घेऊन जातो, एवढं म्हणायचं होतं. माणूस तो, हसून म्हणाला असता, चला मग परत, भरीत खाऊ. पण मी मघाशीच खोटं बोलून बसलो होतो, फोनवर बोललो होतो, बारमाही म्हणालो होतो, आणि आता शुभदाच्या देखत ते सगळं गिळायचं माझ्या जिवावर आलं. मी बोट आणखी आत नेली. एका बाजूला घळईचा फाटा फुटत होता, जेमतेम दोन बोटी मावतील एवढा. तिथे नेऊन मी बोटीचं नाक खडकाला टेकवलं आणि इंजिन चालूच ठेवलं. बोट जागची हलत नव्हती, पण मागे पंख्याने पाणी घुसळून निघत होतं आणि फेस करत लांबवर धावत होतं.

“ते बघा तात्या,” मी म्हणालो. “मागे बघा. काय ओढ आहे.”

हे मी केलं. कुणी करायला लावलं नाही, कुणी सुचवलं नाही. माझ्याच डोक्यातून आलं आणि माझ्याच हाताने मी ते केलं.

तात्या बाकाला धरत धरत मागे आले. वाकून त्यांनी धावत्या पाण्याकडे पाहिलं. मग हात लांब करून बोटीच्या कडेला, जिथे फेस नव्हता, तिथे पाण्यात बोटं बुडवली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, माझ्या हाताखालच्या वेगाच्या दांड्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्या तोंडाकडे. माझ्या कानशिलांवरून घाम वाहत होता. त्या नजरेत राग असता तर मी वाचलो असतो. त्यांना माझी लाज वाटत होती, आणि ती ते माझ्यासाठी झाकू बघत होते.

“आहे बरं,” ते म्हणाले. “चांगली ओढ आहे.”

“तात्या, नका,” शुभदा म्हणाली. “आपण दुसरीकडे...”

“असू दे पोरी. श्रीरंगरावांनी एवढं केलंय.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. करंडा काढला. ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाले, मग मोठ्याने म्हणाले, “घे बाई. आलीस बघ.” आणि इंजिनाच्या मागे, फेसात, करंडा पालथा केला.

राख पाण्याबरोबर धावली. क्षणभर मलाही वाटून गेलं की झालं, जमलं.

पण बोट काही जन्मभर खडकाला टेकवून ठेवता येत नाही. परत फिरायचं तर इंजिन कमी करावं लागतं. मी दांडा मागे घेतला. फेस बसला, पाणी निवलं आणि थोड्याच वेळात जिथून निघालं होतं तिथे परत आलं. त्याबरोबर करड्या रंगाची साय आली, पातळशी, आणि बोटीच्या पांढऱ्या अंगाला येऊन लागली.

तात्यांनी पाहिलं. मग ते बाकावर गुडघे टेकून वाकले आणि तळहाताने पाणी लोटू लागले. हळूहळू, बोटीपासून लांब. “चल,” म्हणत होते. “चल. पुढं चल.” साय लांब जायची आणि परत यायची. शुभदा तोंडाला पदर लावून बसली होती. मी सुकाणू धरून उभा होतो. काहीतरी धरून उभं राहायला पाहिजे होतं म्हणून.

पाचसात मिनिटांनी ते थांबले. हात पायजम्याला पुसला. टोपी घातली.

“इथं आवर्तन कधी सुटतं?” त्यांनी विचारलं.

“आवर्तन?”

“दरवाजे उघडतात ना भिंतीचे. कवा उघडतात?”

आता मी भिंत कसली म्हणून विचारलं नाही. “बहुतेक उन्हाळ्यात,” मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

“मग झालं तर,” तात्या म्हणाले. “थांबेल ती तवर. तिला सवय आहे.”

परत येताना ते पुन्हा पुढे बसले. रिकामा करंडा त्यांनी पाण्यात टाकला नाही, खिशातच ठेवला. काठाला लागलो तेव्हा जयवंत एप्रनला हात पुसत धावत आला. “कसं वाटलं तात्या?”

“छान,” तात्या म्हणाले. मग शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “श्रीरंगरावांनी लई बघून निवडली बरं का जागा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी मी मंडळाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. शुभदा त्या बैठकीला आली नाही. घरीही तिने तो विषय कधी काढला नाही, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. तात्या जानेवारीत परत गेले. तोवर जयवंतने दोनदा जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा मी काम सांगितलं. निरोपाला विमानतळावर मात्र जावं लागलं. तात्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “राहुरीला या कधी. कालवा दाखवतो.” मी गेलो नाही. पुढे आठ वर्षांत तीनदा पुण्याला जाऊन आलो, तिथून राहुरी तीनचार तासांवर होती, पण गेलो नाही.

आठ वर्षांनी तात्या गेले. झोपेतच. जयवंत गावी जाऊन सगळं उरकून तीन आठवड्यांनी परतला आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. हातात स्टीलचा डबा होता, फिरकीच्या झाकणाचा.

“आईला तू सोडलंस म्हणे पाण्यात,” तो आत येऊन बसत म्हणाला. “मला कधी बोलला नाहीस.”

“तात्यांनी सांगू नको म्हटलं होतं.”

“माहीत आहे. मला त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं, फोनवर. वाहत्या पाण्यात सोडली, श्रीरंगरावांनी फार धडपड करून जागा शोधली, असं म्हणाले. मी रडलो रे त्या दिवशी. तुझे आभार मानायचे राहूनच गेले. माझ्या बापासाठी तू केलंस ते मला करता आलं नाही.”

शुभदा चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

“पण आता मला एक कळत नाही,” जयवंत म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. वहीचं पान होतं, तात्यांच्या सुवाच्य सरकारी अक्षरातलं. “हे त्यांच्या उशाशी सापडलं. चुलतभाऊ म्हणाले, कागद बाजूला ठेव, संगमावर जाऊ. मी म्हटलं, नाही, लिहिलंय तसंच करायचं. त्यावरून घरात भांडण झालं. अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही.”

“काय लिहिलंय?”

त्याने वाचलं. “माझी रक्षा नदीत सोडू नये. प्रवरासंगमी नेऊ नये. जयवंतने अमेरिकेस न्यावी. जागा श्रीरंगरावांस ठाऊक आहे. तेथील पाणी थांबलेले आहे. ती अद्याप तेथेच असेल.”

त्याने कागद गुडघ्यावर ठेवला.

“पाणी थांबलेलं म्हणजे काय रे? मला तर वाहतं म्हणाले होते. आणि संगम एवढा जवळ असताना नदीत सोडू नका असं कुणी लिहितं का? गेल्या वर्षभरात जरा विसरायला लागले होते, भ्रमिष्ट झाले होते का ते? तूच सांग. तू होतास तिथे. वाहत होतं ना पाणी?”

हाच प्रश्न त्याच्या बापाने मला फोनवर विचारला होता. शुभदा दारात ट्रे धरून उभी होती. चहा निवत होता.

मी म्हणालो, “नाही.”

आणि मग सगळं सांगितलं. सव्वा तासावरच्या नदीचा कागद, बैठक, प्रफुल्ल, बारमाही. खडकाला टेकवलेली बोट आणि चालू ठेवलेलं इंजिन. परत आलेली राख. तात्यांचा पाण्यात लोटणारा हात. एकही गोष्ट गाळली नाही. मला वाटलं होतं, कधी सांगायची वेळ आलीच तर हलकं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. माझ्यापायी एक म्हातारा माणूस आपल्या हक्काच्या, जन्मभर पाहिलेल्या नदीवर पाणी सोडून इतक्या लांब यायला निघाला होता. त्याची बायको एकटी थांबली होती म्हणून. हे मला त्याच्या मुलासमोर बोलता बोलता समजत गेलं.

जयवंत ऐकत होता. माझं संपलं तेव्हा त्याने कागदाची पहिल्यासारखी घडी घातली, खिशात ठेवली आणि डबा मांडीवर घेतला. झाकण घट्ट आहे का ते पाहिलं.

“भ्रमिष्ट नव्हते तर,” तो म्हणाला.

“नाही.”

“चल मग. आज रविवार आहे, बोटी मिळतील.”

“जयवंत, मी...”

“जागा तेवढी दाखव,” तो उठत म्हणाला. “बोट मी चालवीन.”

त्याने मला शिवी दिली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. नंतर फारसा बोललाच नाही म्हणा. त्याला बोट चालवायची सवय नव्हती. दोनदा ती कड्याच्या फार जवळ गेली, पण मी हात पुढे केला नाही. मी पुढच्या बाकावर बसलो आणि फक्त बोटाने वळणं दाखवत राहिलो.